‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’: नवा प्रोग्राम जुन्या लिनक्सवर का अडतो?

लिनक्सवर एखादा प्रोग्राम उतरवून घेतला, चालवायला गेलं, की पडद्यावर एकच ओळ उमटते: ‘व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’. प्रोग्राम सुरूच होत नाही. फाइल अर्धवट उतरलेली नसते, परवानगीचा घोळ नसतो, प्रोसेसरही तोच असतो. शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपवर तीच फाइल मुकाट्यानं चालते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याच जातीच्या ओळीनं बऱ्याच ऑफिसांची सकाळ खराब केली. व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर अनेक जण असा वापरतात: एडिटर आपल्या लॅपटॉपवर, पण कोड आणि सगळं काम दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. लॅपटॉपवर १.८६ ही आवृत्ती आपोआप बसली आणि त्यानंतर सेंटओएस ७ किंवा उबुंटू १८.०४ या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या चालवणाऱ्या सर्व्हरला ती जोडलीच जाईना. तिला जीलिबसी (बहुतेक लिनक्स प्रोग्राम जिच्यावर टेकलेले असतात ती सामायिक फाइल) २.२८ हवी होती, आणि उबुंटू १८.०४ मध्ये आहे २.२७. म्हणजे एका पायरीनं हुकलं. बोंबाबोंब झाली, मग काही दिवसांत दुरुस्ती आली, जुन्या सर्व्हरना इशारा दाखवून वर्षभराची मुदत मिळाली. मार्च २०२५च्या १.९९ आवृत्तीनं ते दार लावून घेतलं.

‘तुमचा सर्व्हरच जुनाट आहे’ हे उत्तर अशा वेळी लगेच मिळतं. ते मला अर्धवट वाटतं. प्रोग्राम कोणत्या मशीनवर चालणार हे बऱ्याच अंशी तो कोणत्या मशीनवर बिल्ड, म्हणजे तयार, झाला यावर ठरतं, आणि ते मशीन निवडणारा माणूस आपण नसतो. हे नीट कळण्यासाठी थोडं मुळापासून सुरू करावं लागेल.

## प्रोग्राम एकटा नसतो

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो तो सोर्स कोड. त्याचं प्रोसेसरला कळेल अशा आकड्यांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. लिनक्सच्या जगात हे काम बहुतेक वेळा जीसीसी करतो. तयार झालेल्या फाइलला बायनरी म्हणतात, आणि आपण उतरवून घेतो ती हीच.

पण या बायनरीत सगळं नसतं. फाइल उघडणं, मेमरी मागणं, अक्षरांची जुळवाजुळव, तारखांचे हिशोब ही कामं प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती प्रत्येकानं आपापल्या पोटात घेऊन फिरण्याऐवजी एका सामायिक फाइलीत ठेवलेली असतात. तीच शेअर्ड लायब्ररी. जीलिबसी ही या सगळ्यांची आई म्हणावी अशी लायब्ररी. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत, म्हणजे उबुंटू, डेबियन, रेड हॅट वगैरे डिस्ट्रोंमध्ये, जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर टेकलेला असतो. साधी ‘एलएस’ कमांडसुद्धा.

प्रोग्राम आणि लायब्ररी यांचं नातं शाळेचं गाईड आणि पाठ्यपुस्तक यांच्या नात्यासारखं आहे. गाईडमध्ये सगळा धडा पुन्हा छापलेला नसतो. ‘पाठ्यपुस्तक, पान ११२, आकृती पाहा’ एवढंच लिहिलेलं असतं. गाईड लिहिणाऱ्यापुढे यंदाचं पाठ्यपुस्तक होतं. तुमच्याकडे मोठ्या भावाचं जुनं पाठ्यपुस्तक असेल आणि ते पान ९६ वर संपत असेल, तर आकृती काढून दाखवणार कुठून? ‘नॉट फाउंड’ ही ओळ म्हणजे नेमकं हेच: पान ११२ नाही.

हा निरोप कोण देतो? प्रोग्राम सुरू होण्याआधी लोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम धावतो. बायनरीत कोणत्या लायब्ररींची नावं आहेत, त्या प्रत्येकीची किमान कोणती आवृत्ती मागितली आहे, हे तो वाचतो आणि समोरच्या फाइलींशी पडताळतो. एकही गोष्ट कमी पडली तर तो तिथेच थांबवतो. चिडचिड होते खरी, पण हा लोडर सभ्य आहे. अर्ध्या वाटेवर, तुमची फाइल अर्धी लिहून झाल्यावर कोसळण्यापेक्षा दारातच नकार मिळालेला बरा. दारात न थांबवता आत घेऊन फसवणारा प्रकारही आहे, त्याकडे पुढे येतो.

## जुनं पान हलवायचं नाही

जीलिबसी चालवणारी मंडळी साधारण दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, नवी आवृत्ती काढतात. तरी १९९७ पासून या फाइलीच्या नावातला आकडा तोच आहे: ६. याचं कारण त्यांनी पाळलेला एक नियम. जुनी पानं जागची हलवायची नाहीत, नवं जे काही असेल ते पुढे जोडायचं. म्हणून जुनं गाईड नव्या पुस्तकाबरोबर चालतं. वीसेक वर्षांपूर्वी बिल्ड केलेला साधा सी प्रोग्राम आजच्या लिनक्सवर चालण्याची शक्यता चांगली असते. उलट दिशेचं वचन मात्र कोणी दिलेलंच नाही. नव्या गाईडसाठी जुनं पुस्तक पुरेल, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पण एखाद्या जुन्या पानावरचा मजकूर बदलावाच लागला तर? त्याची एक मासलेवाईक गोष्ट आहे.

मेमकॉपी नावाचं एक फंक्शन आहे. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेलं एक काम. मेमकॉपीचं काम मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणं एवढंच. त्याला एक अट आहे: दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तशा असतील तर मेममूव्ह हे वेगळं फंक्शन वापरायचं. २०१०च्या अखेरीस फेडोरा १४ ही डिस्ट्रो आली तेव्हा काही प्रोसेसरांवर वेग मिळावा म्हणून मेमकॉपी उलट्या टोकाकडून उतरवायला लागली होती. नियमाच्या दृष्टीनं चूक काहीच नाही. पण ब्राउझरमध्ये गाणी-व्हिडिओ वाजवणारं ॲडोबीचं फ्लॅश प्लगइन ती अट पाळत नव्हतं. सुलट्या दिशेनं उतरवलं तर त्याची चूक पोटात खपून जायची, आता ती बाहेर आली आणि वेबसाइटवरची गाणी खरखरू लागली.

या बगच्या चर्चेत लिनक्सचे जनक लायनस टोरव्हाल्ड्स स्वतः उतरले. चूक ॲडोबीची आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. टोरव्हाल्ड्स यांचं म्हणणं असं होतं की वापरणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही, त्याचं गाणं काल चालत होतं आणि आज बिघडलंय.

शेवटी तोडगा निघाला तो असा. २०११च्या जीलिबसी २.१४ पासून मेमकॉपीची दोन पानं झाली. जुन्या बायनरी ‘मेमकॉपी, आवृत्ती २.२.५’ मागतात, त्यांना गुपचूप मेममूव्हसारखं सुरक्षित काम करून मिळतं. नव्यानं बिल्ड होणाऱ्यांच्या वाट्याला ‘मेमकॉपी, आवृत्ती २.१४’ येते. एकाच फाइलीत, एकाच नावाची, दोन वागणुकींची फंक्शन्स. याला सिम्बॉल व्हर्जनिंग म्हणतात. सिम्बॉल म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव, आणि त्याला चिकटवलेली आवृत्ती. अख्ख्या पुस्तकाला एक आकडा देण्याऐवजी इथे प्रत्येक पानाला स्वतंत्र आकडा असतो.

वचन दर वेळी शंभर टक्के पाळलं गेलंय असंही नाही. ऑगस्ट २०२२च्या २.३६ मध्ये लायब्ररीच्या फाइलीतली एक जुनी अनुक्रमणिका डीफॉल्ट म्हणून काढून टाकली. तिची नवी, जास्त वेगवान बहीण बरीच वर्षं शेजारी होतीच. पण ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणारं ईझी अँटी-चीट हे सॉफ्टवेअर जुनीच चाळत होतं. गेम बंद पडले, आणि काही डिस्ट्रोंनी ती अनुक्रमणिका परत बसवली.

## मग साधा ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा का अडतो?

इथे बरेच जण बुचकळ्यात पडतात. ‘माझ्या प्रोग्रामनं नवं काहीच वापरलेलं नाही. फक्त दोन शब्द छापतो. मग २.३४ कशाला मागतो?’

शंका रास्त आहे. उबुंटू २२.०४ वर सीमधला पाच ओळींचा हॅलो वर्ल्ड बिल्ड करा आणि उबुंटू २०.०४ वर नेऊन चालवा. अडणार.

ऑगस्ट २०२१च्या जीलिबसी २.३४ मध्ये मोठी आवराआवर झाली. समांतर कामांची लायब्ररी आणि चालू प्रोग्राममध्ये नवी लायब्ररी जोडून घेण्याची लायब्ररी, या दोन्ही तोवर वेगळ्या फाइलींत होत्या. त्या मुख्य लिबसीत, म्हणजे जीलिबसीच्या मुख्य फाइलीत, विलीन झाल्या. त्याच वेळी प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनची नवी आवृत्ती निघाली. ‘लिबसी स्टार्ट मेन’ असं त्याचं नाव. प्रोग्रामरनं लिहिलेल्या पहिल्या ओळीच्या आधी हे फंक्शन चालतं, म्हणजे त्यातून कुणाची सुटका नाही. त्यामुळे २.३४ किंवा त्यानंतरच्या जीलिबसीवर नेहमीच्या पद्धतीनं बिल्ड झालेली प्रत्येक बायनरी निदान २.३४ मागतेच, भले आत काहीही असो.

असाच दुसरा उंबरठा २.३८ चा. आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं घेऊन त्यांचा आकडा करणारी काही फंक्शन्स आहेत. सी भाषेच्या ताज्या प्रमाणानुसार शून्य आणि बी अशी सुरुवात असलेले द्विमान आकडेही त्यांनी ओळखायला हवेत. हा बदल जुन्या प्रोग्रामांच्या अंगावर येऊ नये म्हणून नव्या वागणुकीला वेगळं नाव दिलं. हेतू चांगला, पण परिणाम असा की उबुंटू २४.०४ वर बिल्ड केलेले, आकडे वाचणारे बरेच प्रोग्राम २.३८ मागू लागले. म्हणजे २२.०४ वरही बंद.

खरी मेख लिंकरमध्ये आहे. लिंकर म्हणजे बिल्डच्या शेवटी तुमचा कोड आणि लायब्ररी यांची गाठ बांधणारा प्रोग्राम. बिल्डच्या मशीनवर एखाद्या फंक्शनच्या दोन आवृत्त्या दिसल्या तर तो बेधडक सर्वांत नवी उचलतो. ‘मला जुनीच चालेल, ग्राहक जुने आहेत’ असं सांगण्याची सरळ सोय जीसीसीत नाही. झिग या तुलनेनं नव्या भाषेबरोबर येणाऱ्या सी कंपायलरला मात्र ‘जीलिबसी २.१७ साठी बिल्ड कर’ असं थेट सांगता येतं. जवळपास चाळीस वर्षांच्या जीसीसीला जे सुचलं नाही ते झिगवाल्यांनी करून दाखवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

## ‘जुना कंपायलर वापरला की झालं ना?’

हा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्रास फसतो. कंपायलरची आवृत्ती आणि जीलिबसीची आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी. उबुंटू २४.०४ वर मुद्दाम जीसीसी ९ बसवून बिल्ड केलं तरी समोर पाठ्यपुस्तक २.३९ चंच असतं. उलट सेंटओएस ७ वर नवा जीसीसी बसवून बिल्ड केलं तर भाषेच्या नव्या सोयी वापरता येतात आणि बायनरी २.१७ पासून पुढे सगळीकडे चालते. रेड हॅटनं डेव्हलपर टूलसेट नावानं हेच वर्षानुवर्षं केलं.

सी++ मध्ये मात्र कंपायलरचा संबंध येतो. सी++ ची प्रमाण लायब्ररी, म्हणजे लिबएसटीडीसी++, ही जीसीसीबरोबरच निघते. म्हणून सी++ च्या प्रोग्रामांना दोन तपासण्या पार कराव्या लागतात. दुसरीत अडलं की येणारी ओळ वेगळी असते: ‘जीलिबसीएक्सएक्स ३.४.२९ नॉट फाउंड’. घाईत दोन्ही सारख्याच दिसतात आणि लोक भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात. शेवटी ‘एक्सएक्स’ आहे की नाही, एवढं आधी पाहावं.

३.४.२९ हा आकडा जीसीसी ११ चा. उबुंटू २०.०४ मधली लायब्ररी ३.४.२८ पर्यंतच पोचते. त्यामुळे जीसीसी ११ नं बिल्ड केलेला सी++ प्रोग्राम तिथे आणला की ही ओळ यायची शक्यता दाट. पायथनवाल्यांना हीच ओळ कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये भेटते, आणि तिथे गंमत अशी असते की सिस्टिममधली लायब्ररी पुरेशी नवी असते, पण कोंडा स्वतःबरोबर आणलेली जुनी पुढे करत असतो. मग सिस्टिम अपडेट करून काही होत नाही. कोंडातली लायब्ररी अपडेट करावी लागते.

## पान सापडलं, पण ओळ सरकली

आता तो फसवा प्रकार.

गाईड कधी कधी ‘पान ४७, तिसरी ओळ’ असंही सांगतं. पान ४७ नव्या आवृत्तीतही आहे, पण वर एक परिच्छेद वाढल्यामुळे तिसरी ओळ दुसरीच झाली. पोरगं मुकाट्यानं चुकीची ओळ उतरवून घेतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

बायनरीत असं होतं, कारण कंपायल झाल्यावर आतल्या रचनेची नावं उरत नाहीत, अंतरं उरतात. ‘ग्राहकाचं नाव’ असं काही राहत नाही, ‘सुरुवातीपासून सोळाव्या बाइटवर जे आहे ते’ एवढंच राहतं. कोणती गोष्ट किती जागा घेणार, कुठे बसणार, फंक्शनला माहिती कशी पोचवायची, या सगळ्या ठरावांना मिळून एबीआय म्हणतात. दोन बायनरींचा एबीआय जुळला नाही तर त्या एकमेकींशी बोलतात, पण बोलणं कळत नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण एप्रिल २०१५ मध्ये जीसीसी ५ बरोबर आलं. सी++ मध्ये मजकूर ठेवण्यासाठी स्ट्रिंग नावाचा प्रकार आहे. नेहमीच्या ६४ बिटांच्या मशीनवर जीसीसीची जुनी स्ट्रिंग ८ बाइटची होती. तिच्यात फक्त खऱ्या मजकुराचा पत्ता असायचा, आणि दोन प्रती एकाच मजकुराकडे बोट दाखवायच्या. कुणी बदल करायला घेतला की मगच खरी प्रत काढली जायची. २०११च्या सी++ प्रमाणानं ही युक्ती बाद ठरवली. नवी स्ट्रिंग ३२ बाइटची झाली, आणि १५ अक्षरांपर्यंतचा छोटा मजकूर तिच्याच पोटात मावू लागला. रचना चांगली आहे. पण एका बायनरीला वाटतंय स्ट्रिंग ८ बाइटची आणि दुसरीला ३२, तर तिच्यामागे ठेवलेली प्रत्येक गोष्ट २४ बाइट सरकलेली असणार.

जीसीसीवाल्यांनी इथे लायब्ररीचं नाव बदललं नाही. एकाच फाइलीत दोन्ही स्ट्रिंगा ठेवल्या आणि नव्या रचनेच्या अंतर्गत नावात एक खूण घातली. त्यामुळे एखादं फंक्शन थेट स्ट्रिंग घेत असेल तर नावंच जुळत नाहीत आणि लिंकर ओरडतो. तिथपर्यंत ठीक. पण फंक्शन ‘ग्राहक’ नावाची रचना घेत असेल आणि स्ट्रिंग त्या रचनेच्या आत असेल, तर फंक्शनच्या नावावर ती खूण चढत नाही. लिंकर गप्प, लोडर गप्प, आणि प्रोग्राम चालता चालता मध्येच कोसळतो, किंवा कोसळत नाही आणि नावाच्या जागी कचरा छापतो. दुसऱ्याकडून आलेली, सोर्स नसलेली सी++ लायब्ररी आपल्या कोडला जोडणाऱ्यांनी हे भोगलंय.

डेबियननं २०१५ मध्ये असंख्य लायब्ररी पुन्हा बिल्ड केल्या आणि ज्यांचा एबीआय बदलला त्यांच्या पॅकेजच्या नावापुढे ‘व्ही५’ जोडलं. आजही यादीत ती शेपटी दिसते. रेड हॅट ७ मात्र जुन्याच रचनेवर राहिलं. त्यावर बिल्ड होणारं बरंच काही त्यामुळे अडकून पडलं. पायथॉर्च या एआयच्या लोकप्रिय लायब्ररीच्या नेहमीच्या लिनक्स फाइली जुन्या स्ट्रिंगवरून पूर्णपणे सुटल्या त्या २०२५ मध्ये.

## ‘हवी ती फाइल आणून टाकली तर?’

नको. जीलिबसी हाताने बदलणं हा सर्व्हर मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लोडर आणि लिबसी ही जोडी एकाच बिल्डची असावी लागते. एकच बदललीत तर ‘एलएस’, ‘सीपी’, ‘सुडो’ सगळं एका दमात बंद, आणि चूक दुरुस्त करायला लागणारी हत्यारंही त्याच लायब्ररीवर टेकलेली. मग पेन ड्राइव्हवरून बूट करणं आलं.

याचा धाकटा भाऊ म्हणजे खोट्या नावाची लिंक. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचं बोलणं सांकेतिक करणारी लायब्ररी. उबुंटू २२.०४ मध्ये ती आवृत्ती ३ ची आली आणि १.१ मागणारे जुने प्रोग्राम अडले. कुणीतरी सांगतं, आवृत्ती ३ च्या फाइलीला १.१ चं नाव देऊन लिंक करा. फाइल सापडल्यामुळे लोडर पहिली पायरी पार करतो, आणि पुढे सिम्बॉलच्या आवृत्त्यांवर अडतो. तिथे अडला तर नशीब म्हणायचं. इथे फाइलीच्या नावातला आकडा बदलला होता तो मुद्दाम, ‘हे पुस्तक वेगळं आहे’ हे सांगण्यासाठी.

## ‘सगळं एकाच फाइलीत का कोंबत नाहीत?’

कोंबतात. त्याला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात. गो भाषेतले बरेच प्रोग्राम असे असतात. ते लिबसीला वगळून थेट कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बोलू शकतात, आणि कर्नलच्या बाबतीत टोरव्हाल्ड्स यांचा ‘वापरणाऱ्यांचे प्रोग्राम मोडायचे नाहीत’ हा दंडक कडक पाळला जातो. मसल नावाची छोटी लिबसी घेऊनही अशी एकसंध बायनरी करता येते.

जीलिबसी अशी कोंबायला मात्र अवघड. वेबसाइटच्या नावावरून पत्ता काढणं, वापरकर्त्यांची माहिती शोधणं, यासाठी ती चालताना आणखी लायब्ररी ओढून घेते, आणि त्या पुन्हा जुळणाऱ्या आवृत्तीच्याच लागतात. फिरून तिथेच.

शिवाय सुरक्षेचा मोठा प्रश्न. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. शेअर्ड लायब्ररी असल्यामुळे सर्व्हरवर एक पॅकेज अपडेट करून सेवा पुन्हा सुरू केल्या की त्या लायब्ररीवर टेकलेले सगळे प्रोग्राम बरे झाले. प्रत्येकानं आपली प्रत पोटात बाळगली असती तर प्रत्येकाच्या निर्मात्याची वाट पाहावी लागली असती, आणि कुणाच्या पोटात काय आहे हेही कळलं नसतं.

फ्लॅटपॅक, स्नॅप, डॉकरचे कंटेनर हा मधला मार्ग. प्रोग्रामबरोबर त्याची लायब्ररींची दुनियाच आणायची, फक्त कर्नल यजमानाचा. डिस्कची जागा खाते, पण एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत. ॲपइमेजबद्दल एक गैरसमज आहे: त्यात सहसा जीलिबसी नसते, त्यामुळे नव्या मशीनवर तयार केलेली ॲपइमेज जुन्या मशीनवर तशीच अडते.

## ‘विंडोजवर असं कुठे होतं?’

होतं. गेम बसवताना ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ नावाचं काहीतरी बसतं ना, ते त्यासाठीच. पण विंडोजवर कोणत्या आवृत्तीसाठी बिल्ड करायचं हे आपल्या मशीनपासून वेगळं ठरवता येतं, हा मोठा फरक. लिनक्सवर सर्वांत टिकाऊ एबीआय कोणता, तर विंडोजचा, असा एक विनोद लिनक्सवाल्यांतच चालतो. जुना विंडोज गेम लिनक्सवर वाइनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो आणि त्याच काळातला लिनक्स गेम चालत नाही, हे पाहिलेल्याला तो विनोद वाटत नाही.

लिनक्सनं जपली ती सोर्सची सोय. डिस्ट्रो सगळा सोर्स स्वतः घेऊन, स्वतःच्या मशीनवर, एकाच आवृत्तीच्या लायब्ररींसह बिल्ड करते. म्हणून ‘एपीटी’ या डेबियन-उबुंटूच्या कमांडनं बसवलेल्या पॅकेजमध्ये ही कटकट जवळपास भेटत नाही. डेबियनचं पॅकेज बनतानाच आतल्या बायनरी तपासून ‘लिबसी६, किमान २.३४’ अशी अट पॅकेजवर आपोआप लिहिली जाते, त्यामुळे नकार बसवतानाच मिळतो. कटकट सुरू होते ती बाहेरून आणलेल्या फाइलीशी.

## अडल्यावर काय करायचं

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा. टर्मिनलमध्ये ‘एलडीडी’ लिहून पुढे दोन आडव्या रेघा जोडून ‘व्हर्जन’ हा शब्द इंग्रजीत लिहा. पहिल्या ओळीच्या शेवटी जीलिबसीचा आकडा येतो. रेड हॅट आणि तिच्या भावंडांत ७ वर २.१७, ८ वर २.२८, ९ वर २.३४. उबुंटू २०.०४ वर २.३१, २२.०४ वर २.३५, २४.०४ वर २.३९. डेबियन ११ वर २.३१ आणि १२ वर २.३६.

पायथनवाल्यांना हे आकडे उतरवलेल्या पॅकेजच्या नावातच दिसतात. फाइलीच्या नावात ‘मेनीलिनक्स २०१४’ असेल तर ती जीलिबसी २.१७ पासून पुढे चालते. ‘मेनीलिनक्स २_२८’ असेल तर २.२८ पासून. आपल्या मशीनला चालेल अशी तयार फाइल मिळाली नाही की पिप हा पायथनची पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम मुकाट्यानं सोर्स उतरवतो आणि तुमच्याच मशीनवर कंपायल करायला घेतो. मग पडदाभर जीसीसीच्या चुका दिसतात आणि माणूस कंपायलर दुरुस्त करत बसतो. बऱ्याचदा उपाय एवढाच असतो की त्या पॅकेजची थोडी जुनी आवृत्ती मागायची.

उबुंटू २४.०४ वर आलेल्यांना वेगळाच धक्का बसतो: ‘लिबएसाउंड२’ ही आवाजाची लायब्ररी बसवायला गेलं तर पॅकेजच उपलब्ध नाही म्हणतो. नाव आता ‘लिबएसाउंड२टी६४’ झालंय. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, म्हणून डेबियन आणि उबुंटूनं ३२ बिटांच्या एआरएमसारख्या मशीनांवर ती ६४ बिटांची केली. एबीआय बदलला, त्यामुळे नावं बदलली. तुमच्या ६४ बिटांच्या लॅपटॉपवर आत काहीच फरक नाही, फक्त नावाला ही शेपटी जोडून मागायचं.

आणि प्रोग्राम वाटणारे तुम्हीच असाल, तर तुमच्या ग्राहकांपैकी सर्वांत जुन्या मशीनवर काय आहे ते विचारा आणि त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. लॅपटॉप हवा तेवढा नवा ठेवा. बिल्डनंतर ‘ऑब्जडम्प’नं बायनरीतल्या सिम्बॉलांची यादी काढली की कोणत्या फंक्शनपायी कोणता आकडा चढलाय ते ओळीनं दिसतं, पुष्कळदा सगळा अडथळा एखाददुसऱ्या फंक्शनचा निघतो. सेंटओएस ७ ची अधिकृत मुदत ३० जून २०२४ ला संपली आहे, तेव्हा आज तळ २.२८ ला धरणं अनेकांनी पत्करलंय. ज्यांचे सर्व्हर अजून त्याखाली आहेत त्यांनी निर्मात्याकडे जुन्या तळावर केलेली बिल्ड मागून पाहावी, आणि ती नाहीच मिळाली तर कंटेनर गाठावा.